घरच्या तुळस-अडुळशाचं टिंक्चर करायचंय, कुणी केलंय का?

मखमलाबादची_बाग

नमस्कार मंडळी. नाशिकच्या मखमलाबादला राहते, घरामागे थोडी जागा आहे त्यात तुळस (काळी आणि पांढरी दोन्ही), अडुळसा कुंपणालाच लावलाय, गवती चहा, पानओवा आणि यंदा नर्सरीतून कॅलेंडुलाची रोपं आणली ती आता छान फुललीयेत. दिवाळी झाली की इकडे थंडी पडते आणि घरात एकेकाचा खोकला सुरू होतो, सकाळी काढा उकळत बसायला वेळ नसतो कारण ऑफिस सातपूरला, मुलाची शाळा, डबे सगळं एकदमच असतं. व्हिडिओत बघितलं की पानं दारूत भिजवून टिंक्चर करून ठेवतात आणि ते खूप टिकतं. तर कुठलं अल्कोहोल घ्यायचं, सर्जिकल स्पिरिट चालेल का (मेडिकलमध्ये सहज मिळतं म्हणून विचारते), प्रमाण काय आणि किती दिवस ठेवायचं? मुलगा ७ वर्षांचा आहे, सासूबाईंना शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना देता येईल का? सासूबाईंचं आणखी एक म्हणणं आहे, वृंदावनातली तुळस दारूत घालायची नाही म्हणजे नाही. ते मलाही पटतं, पण मग दुसरा मार्ग काय ते सांगा.

फार्मसी_नाशिकरोड

ताई, सर्जिकल स्पिरिट अजिबात नाही. कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी गोष्टी मिसळलेल्या असतात, मिथेनॉल असेल तर डोळे जातात नाहीतर जीव जातो, आणि घरी उकळून गाळून ते बाहेर काढता येत नाही. सॅनिटायझर, आयसोप्रोपिल हेही नाही. पोटात जाणारं टिंक्चर फक्त पिण्याच्या दारूत करायचं, बिनवासाची साधी व्होडका घ्या, आपल्याकडे ती ४२.८ टक्के असते, आणि महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, घरात ठेवायला परमिट लागतं ते काढून घ्या.

प्रमाण म्हणाल तर वाळलेली पानं १ भाग, व्होडका ५ भाग, म्हणजे १०० ग्रॅमला ५०० मिली. तुळस मंजिऱ्या धरायला लागली की दव वाळल्यावर तोडा, सावलीत वाळवा, बोटात चुरली की कुरकुर मोडली पाहिजेत. काचेच्या बरणीत घाला, पानं पूर्ण बुडाली पाहिजेत कारण वर तरंगलेल्या पानांवरच बुरशी धरते, अंधाऱ्या कपाटात ४ ते ६ आठवडे ठेवायचं, रोज एकदा हलवायचं, मग मलमलच्या कापडातून घट्ट पिळून तपकिरी काचेच्या बाटलीत भरायचं आणि बाटलीवर झाड, तारीख, कशात केलं हे लिहायचं.

बरेच लोक ताजी पानं घालतात आणि तिथेच गणित बिघडतं. १०० ग्रॅम ताज्या पानांत ८० ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. २०० मिली व्होडकात अल्कोहोल साधारण ८५ मिली, पानातलं पाणी सुटलं की सगळं मिळून २८० मिली होतं, म्हणजे ४२.८ चे ३० टक्क्यांवर आले. त्यात पानं जास्त आणि व्होडका कमी घातली तर आणखी खाली जातं आणि मग ते टिकत नाही, आंबतं. ९५ टक्केवालं रेक्टिफाइड स्पिरिट आपल्यासारख्यांना सहज मिळत नाही, त्यामुळे घरी करायचं तर पानं वाळवूनच.

मुलाला नाही. थेंबच असतात हे खरं पण लहान मुलाला अल्कोहोल द्यायचं कारणच काय? सासूबाईंनाही त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, तुळशीने साखर थोडी खाली जाऊ शकते आणि गोळी चालू असताना ते दुहेरी होतं. आणि मेट्रोनिडाझोल (जुलाबाला देतात ती गोळी) चालू असेल तर मोठ्यांनीही अल्कोहोलवालं काहीच घ्यायचं नाही.

वैद्य_पंचवटी

वरचं सगळं बरोबर आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे ताई, तुमच्या घराला टिंक्चरची गरज आहे का तेच आधी बघा. आपल्या आसव-अरिष्टांत (आयुर्वेदातली आंबवून केलेली औषधं) दारू वरून ओतत नाहीत, गूळ आणि धायटीची फुलं घालून ती आतच तयार होते, पण ते तंत्र घरी जमवायच्या मागे लागू नका, बिघडलं तर कळतही नाही.

तुमची खरी अडचण सकाळच्या वेळेची आहे. मग तीच पानं वाळवून डब्यात भरा, निजायच्या आधी थर्मासमध्ये तुळस, गवती चहा आणि आल्याचा तुकडा टाकून उकळतं पाणी ओता, झाकण लावा. सकाळी उठल्यावर नुसतं गाळायचं. याला आम्ही फांट म्हणतो. मुलालाही चालतं, सासूबाईंनाही (गूळ न घालता, आणि रोजच घेणार असाल तर डॉक्टरांच्या कानावर घालून), आणि तुळस दारूत घालायचा प्रश्नच येत नाही.

अडुळसा मात्र रोजच्या चहासारखा पिऊ नका. त्यातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्सीन हे कफाचं औषध पुढे बनवलं गेलं, म्हणजे पान चांगलंच तीव्र आहे. गर्भाशयावर परिणाम होतो म्हणून गरोदर बाईने तर घेऊच नये. खोकला असेल तेवढे दिवस, वैद्याला विचारून.

आणि कुणी गुळवेल घालायला सांगेल तर थांबा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मांडल्या होत्या, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, दुसरीच सारखी दिसणारी वेल असेल असं म्हटलं. वाद काहीही असो, कुंपणावरची न ओळखलेली वेल तोडून महिनोन्महिने पिणं मला मान्य नाही.

बागायतदार_दिंडोरी

ताई मखमलाबाद म्हणालात म्हणून लिहितोय. तुमच्या आजूबाजूला द्राक्षबाग आहे का? ऑक्टोबर छाटणी झाली की आम्ही डाऊनीसाठी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) लागोपाठ औषध मारतो, ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्यावर शेजारच्या कुंपणापर्यंत सहज येतो, आणि तुमचा अडुळसा नेमका कुंपणालाच आहे. बोर्डोचे (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) निळसर डाग पानावर दिसतात तरी, पण आंतरप्रवाही औषधं पानाच्या आत जातात, ती धुऊन जात नाहीत. दारू पानातलं जे असेल ते ओढणार, त्यात आमचं औषधपण आलं. थंडीचा खोकला आणि आमच्या फवारण्या एकाच वेळेला असतात हो. शेजाऱ्याला सरळ विचारा कधी काय मारलं, बागायतदाराकडे वहीत लिहिलेलं असतं, एक्सपोर्टवाल्याकडे तर असतंच. खायची तुळस कुंडीत लावून घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा.

मखमलाबादची_बाग

बाप रे, दादा हे डोक्यातच नव्हतं, पश्चिमेला बागच आहे आणि वारा तिकडूनच येतो. अडुळसा यंदा राहू दे मग. तुळशीच्या कुंड्या पुढच्या अंगणात आणते आणि थर्मासचं आजपासूनच सुरू करते. मग कॅलेंडुलाचं काय करू, ती गच्चीवर आहे, पायाच्या भेगांसाठी हवंय. आणि दारूऐवजी ग्लिसरीनमध्ये करतात म्हणे, ते कसं?

फार्मसी_नाशिकरोड

ग्लिसरीनमध्ये करता येतं, पण पानातला अर्क कमी उतरतो आणि टिकतंही कमी, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. पण ग्लिसरीन मेडिकलमधलं सीलबंद, लेबलवर आयपी (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधाच्या दर्जाचं) लिहिलेलंच घ्या, सुटं ड्रममधलं कधीच नाही. १९८६ ला मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले होते, त्यावर लेंटिन आयोग बसला होता. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, ते दिसायला आणि चवीला ग्लिसरीनसारखंच असतं आणि किडन्या निकामी करतं. घरी ते ओळखता येत नाही.

कॅलेंडुला भेगांसाठी तेलातच करा, दारूने भेगा आणखी कोरड्या पडतील आणि झोंबेल ते वेगळं. आधी खात्री करा की ती कॅलेंडुलाच आहे, कारण आपला दसऱ्याचा झेंडू वेगळा. झेंडूचं पान कातरलेलं आणि उग्र वासाचं, कॅलेंडुलाचं पान अखंड, लांबट, हाताला किंचित चिकट लागतं आणि बी वाकडं नखासारखं असतं. पूर्ण उमललेली फुलं तोडा, पाकळ्या सुट्या करून वाळवा, फुलाखालचा हिरवा गड्डा बाहेरून वाळला तरी आत ओला राहतो आणि त्यानेच तेलाला बुरशी येते. वाळलेल्या पाकळ्या बुडतील इतकं तिळाचं तेल घाला, ३-४ आठवड्यांनी गाळा. शेवंतीची अ‍ॅलर्जी असेल तर याचीही असू शकते, आधी मनगटाच्या आत थोडं लावून एक दिवस बघा. आणि सासूबाईंना शुगर आहे, त्यांच्या भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल तर तेल लावत बसू नका, पाय डॉक्टरांना दाखवा.