दुर्गा खोटे: ४५ मिनिटांच्या कार्यक्रमात काय घ्यावं, काय गाळावं?

ग्रंथपाल_दुपारचे

१४ जानेवारीला, म्हणजे दुर्गाबाईंच्या जन्मदिनी, वाचनालयात दृक्‌श्राव्य कार्यक्रम आहे. निवेदक एक, अभिवाचनाला दोघं, एक प्रोजेक्टर, दोन साधे स्पीकर. आराखडा असा: बालपण ५ मिनिटं, ‘अयोध्येचा राजा’ ५, ‘मुघल-ए-आझम’ १०, आईच्या भूमिका १५, पुरस्कार ५, समारोप ५. निवेदनात ‘सिनेमात आलेली पहिली घरंदाज स्त्री’ आणि ‘पहिला चित्रपट अयोध्येचा राजा’ ही वाक्यं आहेत. तपशील बरोबर आहेत का? रंगभूमीचा भाग चित्रफितीशिवाय कसा दाखवायचा? आणि चित्रपटांचे तुकडे दाखवताना हक्कांची अडचण येते का?

जुनी_रिळं

दोन्ही वाक्यं काढा.

पहिला चित्रपट ‘फरेबी जाल’ (१९३१). भूमिका अगदी छोटी, आणि त्या चित्रपटामुळे टीकाच जास्त वाट्याला आली. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ त्यानंतरचा, १९३२चा. तो पहिला मराठी बोलपट. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१). प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती, पुण्याला गेली १९३३मध्ये. ही गल्लत हमखास होते आणि श्रोत्यांतला एखादा तरी ती पकडतोच.

‘पहिली घरंदाज स्त्री’ म्हटलं की दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) यांच्यावर अन्याय होतो. त्या दोघी १९१३मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये होत्या. नवं होतं ते वेगळंच: लाडांचं सधन घर, कॅथेड्रल शाळा, सेंट झेवियर्स कॉलेज, आणि सासरची सांपत्तिक घडी विस्कटल्यावर कमाईसाठी स्टुडिओत उभी राहिलेली बाई. त्या वर्गाला तो धक्का होता. हे सांगायचा सोपा मार्ग म्हणजे दोन तारामती शेजारी ठेवा. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती केली अण्णा साळुंके यांनी, कारण बाई मिळेना. १९ वर्षांनी तीच तारामती दुर्गाबाईंनी केली. दोन स्थिरचित्रं, दोन वाक्यं, एक मिनिट. बालपणाच्या पाच मिनिटांपेक्षा हे एक मिनिट भारी पडेल.

‘अयोध्येचा राजा’मधून ‘बाळा का झोप येईना’ घ्या. पार्श्वगायन यायच्या आधीचा हा काळ आहे. नट कॅमेऱ्यासमोर गायचा, साथीदार चौकटीबाहेर बसायचे आणि आवाज जागेवरच मुद्रित व्हायचा. सूर चुकला किंवा कुणी खोकलं की अख्खा तुकडा पुन्हा. त्यात चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित झालेला, म्हणजे सगळी कसरत दुप्पट. गाणं लावायच्या आधी एवढं सांगा, मग मान फार का वळत नाही ते लोकांना आपोआप दिसेल.

‘अमरज्योती’ (१९३६) तुमच्या आराखड्यात नाही, ही खरी चूक. मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर समुद्री चाचांची म्होरकी झालेली सौदामिनी हा त्यांच्या कारकिर्दीचा कणा आहे. तिला ७ मिनिटं द्या. ‘मायामच्छिंद्र’ (१९३२) उल्लेखापुरता पुरे.

तिसरी_घंटा

रंगभूमीसाठी अभिवाचनच करा, पण उतारे विचार करून निवडा. मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगांतल्या दोन भूमिका एकमेकींना भिडवता येतात: खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई, आणि शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून केलेल्या ‘राजमुकुट’मधली राणी. ‘राजमुकुट’ १९५४चं, दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल. दोन्हीकडे समोर नानासाहेब फाटक. दोन्हीकडे कचरणारा नवरा आणि त्याला गादीकडे ढकलणारी बायको. एकीत ‘ध’चा ‘मा’, दुसरीत हातावरचं न निघणारं रक्त. ही जोडी लावली की दुर्गाबाई म्हणजे सोशीक आई हा समज वेगळं काही न सांगता गळून पडतो.

मोजमाप: अशा गद्याचा वेग मिनिटाला ११० शब्दांच्या वर नेऊ नका. सहा मिनिटं म्हणजे साधारण ६५० शब्द, त्यापेक्षा लांब उतारा छाटा. खाडिलकरांची वाक्यं लांब पल्ल्याची असतात. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारून ठेवा, नाहीतर वाक्याच्या शेवटचं क्रियापद गिळलं जातं आणि अर्थच लोंबकळतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आनंदीबाई ओरडून वाचणं. राघोबाला ती पटवते आहे, त्याच्यावर खेकसत नाही. आवाज खाली ठेवा, शब्दांतली धार पुरते. संहिता हातात न धरता स्टँडवर ठेवा. पानं उलटल्याचा आवाज माइकमध्ये फार येतो.

एक घरगुती दुरुस्ती, कारण निवेदक इथे घसरतात: शुभा खोटे ही दुर्गाबाईंची मुलगी नव्हे, दिराची, म्हणजे नंदू खोटे यांची मुलगी. विजू खोटे हे शुभाताईंचे भाऊ. आणि विजया मेहता या दुर्गाबाईंच्या सूनबाई होत्या. त्यांचे पहिले पती हरीन खोटे हे दुर्गाबाईंचे चिरंजीव.

फेडर_खाली

आधी हक्क. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अमरज्योती’ कधीच मुक्त झालेत. ‘मुघल-ए-आझम’ १९६०चा, मुदत २०२०अखेर संपली. पण गीतकार-संगीतकारांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वेगळे चालतात, म्हणून गाणं नसलेला प्रसंग घ्या. रंगीत आवृत्ती टाळा, ती २००४ची आहे. ‘बॉबी’ (१९७३) आणि ‘बिदाई’ (१९७४) हक्कांत आहेत. तिथे रसग्रहणाच्या ओघात ३०-४० सेकंदांचा तुकडा इतकंच, किंवा सरळ छायाचित्र.

संहितेचंही तसंच. खाडिलकर १९४८मध्ये गेले, ‘भाऊबंदकी’ बिनघोर वाचा. शिरवाडकर १९९९मध्ये गेले, त्यामुळे ‘राजमुकुट’च्या उताऱ्यासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी आत्ताच मागा. ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रातून मोठा उतारा वाचणार असाल तर तिथेही.

आता तांत्रिक. जुन्या चित्रपटांची चौकट ४:३. प्रोजेक्टर आपोआप पडदा भरायला गेला की तारामतीचा चेहरा आडवा पसरतो. सेटिंगमध्ये ४:३ कायम करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. १९३२च्या ध्वनिपट्टीत खरखर असणारच. १०० हर्ट्‌झच्या खालचं आणि साधारण ६ किलोहर्ट्‌झच्या वरचं कापा, तेवढंच. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की खरखरीबरोबर ‘स’, ‘श’, ‘च’ही पुसले जातात आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. गाण्याचे शब्द पडद्याच्या तळाशी मोठ्या अक्षरांत टाका. सगळे तुकडे एकाच फाइलमध्ये, एका आवाजपातळीवर, मध्ये ३ सेकंद काळा पडदा ठेवून जोडा. आयत्या वेळी फोल्डर उघडत बसायला नको.

पंचम_निषाद

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण आईच्या भूमिका एकदम मोडीत काढू नका. वाईट आहे ती पंधरा मिनिटांची सरमिसळ. त्याऐवजी एकच धागा घ्या: पृथ्वीराज कपूर. ‘सीता’मध्ये (१९३४) ते राम आणि दुर्गाबाई सीता. २६ वर्षांनी ते अकबर आणि त्या जोधाबाई, नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये सापडलेल्या. ‘सीता’चं छायाचित्र दाखवून लगेच जोधाबाईचा प्रसंग लावा, ३ मिनिटांत भागतं.

सासू म्हणून ‘पायाची दासी’ (१९४१) विसरू नका, तिथली सासू चांगलीच खाष्ट आहे. आणि ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) जरूर बघा. शशी कपूरच्या आईच्या भूमिकेत त्या विनोद किती हळू पेरतात ते कळेल.

पुरस्कारांना पाच मिनिटं कशाला? संगीत नाटक अकादमी १९५८, पद्मश्री १९६८, फाळके पुरस्कार १९८३. एक स्लाइड, २० सेकंद. उरलेल्या वेळात ‘वागले की दुनिया’चं (१९८८) शीर्षक दाखवा. ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती हे मालिका पाठ असलेल्यांनाही ठाऊक नसतं.

ग्रंथपाल_दुपारचे

सगळ्यांचे आभार. नवा आराखडा: दोन तारामती आणि ‘फरेबी जाल’ ४, ‘बाळा का झोप येईना’ ५, ‘अमरज्योती’ ७, अभिवाचन १२, सीता ते जोधाबाई ५, सासवा आणि आया ५, निर्मिती व पुरस्कार ३. एकूण ४१. परवानगी वेळेत आली नाही तर ‘राजमुकुट’ऐवजी काय?

तिसरी_घंटा

‘भाऊबंदकी’चाच दुसरा प्रवेश. आनंदीबाई दोनदा ऐकवा, एकदा कटाच्या आधी आणि एकदा नंतर. आणि उरलेली चार मिनिटं भरू नका, प्रोजेक्टर तापायला तेवढी लागतातच.