आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पाच आठवड्यांवर आलंय, आधी काय काय करून ठेवायचं?

सांजवारा

नमस्कार मंडळी, आईचं (वय ६७) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट ठरलंय, तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळालीय. दोन्ही गुडघे खराब आहेत पण उजवा जास्त, हाडाला हाड घासतंय असं डॉक्टर एक्सरे बघून म्हणाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आता रात्री झोपेतसुद्धा ठणकतो म्हणून शेवटी ती तयार झाली. डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत, बीपी कंट्रोलमध्ये आहे.

तर हे पाच आठवडे काय करायचं? आई म्हणते गुडघा बदलायचाच आहे तर आता कशाला हालचाल करून अजून झिजवू, त्यामुळे दिवसभर पलंगावर नाहीतर खुर्चीत. मला हे पटत नाहीये पण तिला दुखतं म्हटल्यावर मी तरी किती मागे लागणार. आणि घरी आल्यावरचं पण विचारायचंय. झोपायची खोली वरच्या मजल्यावर आहे, मी नोकरी करते, तिच्याजवळ किती दिवस कुणीतरी पूर्णवेळ लागेल? वॉकर, कमोडची उंची, पलंग, काय काय बदलून ठेवू?

खरं सांगू का, ऑपरेशनपेक्षा मला नंतरचीच धास्ती आहे, कारण ओळखीत एका काकूंचं ऑपरेशन छान झालं पण पाय वाकतच नाही नीट. असं का होतं? ज्यांचं झालंय किंवा घरात कुणाचं झालंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

फिजिओवाली

सांजवारा ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे जास्त करून सांध्यांचेच पेशंट असतात, त्यामुळे थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

आईंना आधी हे समजावा की ऑपरेशनमध्ये हाडांची खराब झालेली टोकं कापून त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मधे प्लास्टिकची चकती, एवढंच बदलतं. मांडीचा स्नायू त्यांचा तोच राहणार. खुर्चीतून उठणं, उभं राहताना गुडघा सरळ धरणं, जिना उतरताना पाय मधेच लचकू न देणं, ही सगळी कामं मांडीच्या पुढच्या स्नायूची. दुखतं म्हणून पाय वापरलाच नाही की तो आधीच बारीक झालेला असतो, त्यात ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात त्याची निम्मी किंवा त्याहूनही जास्त ताकद जाते, मग आधीचे पाच आठवडे पण पडून काढले तर उठायला ताकद आणायची कुठून? झिजण्याची भीती तर पूर्ण काढून टाका, जो भाग झिजेल म्हणून त्या घाबरताहेत तो सर्जन काढूनच टाकणार आहेत.

दुखणाऱ्या माणसाला जमेल असा व्यायाम सांगते. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूने ती खाली दाबायची. दाबताना गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकलेली दिसते, तुम्ही स्वतः मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू घट्ट लागला पाहिजे, नुसतं पाऊल हलवून चालत नाही. पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, असं दहादा, दिवसातून तीन वेळा. वजन येत नसल्यामुळे बहुतेकांना हा सहन होतो. तो जमला की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, आणि टाच चादरीवरून घासत मागे ओढायची. दोन्ही पायांनी करा कारण नंतर काही आठवडे डाव्या पायावरच जास्त भार पडणार आहे. हातांचं पण विसरू नका हं, हात असलेल्या खुर्चीत बसून दोन्ही हातांवर जोर देत बूड थोडं उचलायचं, वॉकर धरताना हाच जोर लागतो.

वॉकर आत्ताच आणून ठेवा. सरळ उभं राहून हात खाली सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला आली पाहिजे. आधी वॉकर पुढे, मग उजवा पाय, मग डावा, हे आत्ताच शिकून घेतलं की ऑपरेशननंतर गुंगीत असताना नव्याने डोकं चालवावं लागत नाही.

डायबेटिसचं म्हणाल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी टेस्ट लगेच करून घ्या, साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात आणि ते योग्यच आहे, कारण शुगर जास्त असली की जखम भरायला वेळ लागतो आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो. कृत्रिम सांध्याला जंतू चिकटले की ते हटवणं फार अवघड जातं, कधी कधी सांधाच काढावा लागतो. म्हणून दात किडलाय, हिरडी सुजलीय, लघवीला जळजळ होते, पायाला जखम आहे किंवा नखाशी पू झालाय, यातलं काहीही असलं तरी सर्जनला आधीच सांगा, किरकोळ म्हणून सोडू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हेही त्यांनाच विचारायचं. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते भरून काढायलाही पाच आठवडे हाताशी आहेत.

तुमच्या ओळखीच्या काकूंचं नेमकं काय झालं ते न बघता सांगता येणार नाही, पण पाय न वाकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आत जखम भरताना जे चिवट तंतू तयार होतात ते सुरुवातीच्या आठवड्यांत हालचाल झाली नाही तर आखडतात. मात्र सगळे वाकण्याच्या मागे लागतात आणि पाय सरळ होतोय का हे बघायचं राहून जातं. गुडघ्यात पाच-दहा अंशांचा बाक राहिला तरी माणूस लंगडतो आणि लवकर दमतो. म्हणून एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा, ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. बरं वाटतं म्हणून हमखास ठेवली जाते. उशी किंवा गुंडाळी टाचेखाली ठेवायची, म्हणजे गुडघा अधांतरी राहतो आणि आपल्याच वजनाने सरळ होतो.

दुसरी_इनिंग

माझे दोन्ही गुडघे झालेत, मधे अंतर ठेवून. वर सांगितलंय ते सगळं बरोबर आहे, मी पेशंटच्या बाजूने लिहितो.

पहिल्या दिवशी आई म्हणतील अरे हे तर काहीच नाही. पाय बधिर करायचं इंजेक्शन दिलेलं असतं म्हणून तसं वाटतं, बरेचदा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभंही करतात. इंजेक्शनचा असर उतरला की मात्र दुखणं एकदम वर येतं, बऱ्याचदा नेमकं मध्यरात्री, आणि तेव्हा माणूस घाबरतो की काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. दुखायला लागल्यावर गोळी मागायची असं करू नका, ठरलेल्या वेळेला घ्या, आणि व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात असू द्या. जोरदार पेनकिलर असतील तर पोट साफ होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या, यावर कुणी बोलत नाही पण त्रास फार होतो.

घरी आल्यावर दुसरा आठवडा मला सगळ्यात जड गेला. भेटायला येणारे कमी होतात, पाय सुजून मांडीपासून घोट्यापर्यंत काळानिळा दिसतो, झोप तुकड्या-तुकड्यात, आणि उगाच केलं हे असं मनात यायला लागतं. त्या काळात आईंची चिडचिड होईल, रडूही येईल, तेव्हा आता तर सगळं ठीक आहे ना असं म्हणून गप्प करू नका, जवळ बसा. हे हळूहळू जातं. मला रात्रीची सलग झोप लागायलाच कितीतरी आठवडे गेले.

वाकवायचा मला जमलेला प्रकार म्हणजे खुर्चीत बसून ऑपरेशनच्या पायाखाली गुळगुळीत कापड घ्यायचं, पाऊल फरशीवरून मागे सरकवायचं, जिथे ताण बसेल तिथे थांबून श्वास सोडायचा, आणि मग पाऊल तिथेच रोवून बूड खुर्चीत किंचित पुढे घ्यायचं. पाय ओढण्यापेक्षा शरीर पुढे नेलं की दोन-चार अंश जास्त मिळतात आणि दुखतंही कमी. झाल्यावर पाय उंच ठेवून बर्फ पंधरा-वीस मिनिटं, मधे कापड ठेवूनच.

आणखी काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. गुडघा कित्येक महिने हाताला गरम लागतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूचा त्वचेचा एक पट्टा बधिर राहतो, तो काही जणांना कायमचाच राहतो कारण तिथली बारीक नस चीर घेताना कापली जाते. चालताना आतून टक-टक आवाज येतो, धातू प्लास्टिकला लागतो त्याचा, दुखत नसेल तर काळजी नको. आणि अमक्याचा चार आठवड्यांत इतका वाकला असली तुलना घरात येऊ देऊ नका, प्रत्येकाचा गुडघा आधी किती वाकत होता त्यावर बरंच अवलंबून असतं.

खुबावाला

ताई तुमचा प्रश्न गुडघ्याचा आहे पण इथे खुब्याचे लोकही वाचतात म्हणून लिहितो, वडिलांचं खुब्याचं झालंय. खुब्याचं चालणं लवकर सुधारतं, दुखणंही त्या मानाने कमी, पण सांधा निसटायची भीती असते त्यामुळे नियम वेगळे. मागच्या बाजूने चीर घेतली असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. ऐकायला सोपं आहे, पण जमिनीवर पडलेली चप्पल उचलायला माणूस सवयीने वाकतोच, म्हणून लांब दांड्याचा चिमटा आणि लांब शूहॉर्न आधीच आणा. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मधे जाड उशी. पुढच्या बाजूने चीर असेल तर नियम वेगळे असतात, तेव्हा दुसऱ्या पेशंटचं ऐकून करू नका, आपल्या सर्जनला विचारा.

गुडघा असो की खुबा, बसायच्या सगळ्या जागा उंच करा. खुर्ची हात असलेली आणि घट्ट, मऊ सोफा नको, त्यातून उठताच येत नाही. कमोडवर बसवायची उंच सीट मिळते ती घ्या आणि बाजूला पकडायला दांडा बसवा, टॉवेलच्या दांडीला धरून उठू देऊ नका, ती निघून येते. पायपुसणी, सैल गालिचे, चार्जरच्या वायरी, जाण्यायेण्याच्या वाटेवरचं सगळं उचला. रात्री बाथरूमपर्यंत दिवा राहू द्या. गाडीत बसवताना पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, आधी पाठमोरं बसवून मग दोन्ही पाय एकत्र आत.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, फिजिओताईंचं आईला वाचून दाखवलं आणि ती चक्क टॉवेलची गुंडाळी घेऊन बसली. म्हणाली मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. डाव्या पायाची वाटी सरकलेली दिसते, उजव्याची जेमतेम.

अजून दोन विचारायचेत. रक्ताची गुठळी होते म्हणतात ती कशी ओळखायची, कारण पाय तर सुजणारच आहे. आणि एकजण म्हणाले दोन्ही गुडघे एकदमच करून टाका, एकाच त्रासात होईल. शिवाय हा सांधा टिकतो तरी किती?

दुसरी_इनिंग

टिकण्याचं सांगतो, मी स्वतःसाठी हेच शोधलं होतं. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २५ वर्षांनंतरही पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे टिकलेले होते. ६७ व्या वर्षी एवढी खात्री पुष्कळ आहे. दोन्ही एकदम करणारे आहेत, पण हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण जास्त येतो आणि उभं राहायला चांगला पाय एकही उरत नाही. डायबेटिस, बीपी असताना मी तरी एक-एकच म्हणेन, पण हे सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी तपासून ठरवायचं.

फिजिओवाली

उजव्याची जेमतेम दिसते म्हणजे नेमकी त्याच पायाला मेहनत हवी, रोज बघत राहा, फरक पडेल.

गुठळीबद्दल. ऑपरेशनची सूज दिवसभर पाय खाली राहिला की वाढते आणि उंच ठेवला की उतरते. पोटरी एकाच जागी दुखते, दाबलं की कळ येते, कडक आणि गरम लागते, सूज पाय वर ठेवूनही उतरत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर थेट इमर्जन्सी. जखमेतून पाणी येत राहिलं, लाली पसरत गेली, थंडी वाजून ताप आला तर सर्जनला दाखवायचं, शेजारच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणून द्यायचं नाही, त्यामुळे कोणता जंतू आहे ते टेस्टमध्ये सापडायला अडचण होते. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन जितके दिवस सांगितलंय तितके दिवस पूर्ण, आणि जागं असताना दर तासाला पावलं वर-खाली हलवायची.

वाकण्याचा साधारण अंदाज म्हणजे दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास, तीन महिन्यांत ११० ते १२०. सपाट चालायला साधारण ६५-७० पुरतात, जिन्याला ९० च्या आसपास लागतात. सहा आठवडे झाले तरी ९० च्या बरंच अलीकडे अडकलं असेल तर सर्जनकडे लगेच जायचं, भूल देऊन पाय वाकवून देतात, पण ते पहिल्या तीनेक महिन्यांतच चांगलं जमतं. काकूंसारखं व्हायला नको असेल तर ही तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

पूर्णवेळ माणूस पहिले दोन आठवडे तरी हवंच, नंतर सकाळ-संध्याकाळ मदत आणि हाताशी फोन असला तर बरेच जण सांभाळतात. वरच्या खोलीचं म्हणाल तर जिना हॉस्पिटलमध्येच शिकवतात, तो जमल्याशिवाय घरी पाठवू नका असं तुम्ही स्पष्ट सांगा. तरी पहिले दोन-तीन आठवडे खाली पलंग टाकता आला तर टाका. चढताना डावा, म्हणजे चांगला पाय आधी, उतरताना उजवा आधी, एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात काठी. सपाट चालायला लागल्यावर काठी डाव्या हातातच हवी, उजव्या नाही, हे बहुतेक जण उलटं करतात. आणि जिन्यावर तुम्ही नेहमी त्यांच्या एक पायरी खाली राहा, चढताना मागे, उतरताना पुढे.