दोन काळांची रहस्यकथा : नाशिकच्या वाड्यातील विषाचे गुपित आज कसे उलगडावे?

पंचवटीकर :
नमस्कार. मी पंचवटीतील एका वाड्यावर कादंबरी लिहीत आहे. तिचा एक पदर १८८१ सालचा असून त्यात झाडपाल्याची जाणकार असलेली एक विधवा आहे, जिच्याकडे गांजलेल्या बायका मागील दाराने येतात. दुसऱ्या पदरात आजची एक मुलगी आहे. वाडा पाडताना तिला कोनाड्यात सोमलाची, म्हणजे आर्सेनिक या विषाची, शिशी सापडते. एका शिशीवरून ती खुनापर्यंत कशी पोहोचेल, येथे मी सहा महिने अडले आहे. प्रेत उकरून तपासणी करता येईल का?

न्यायवैद्यकाची विद्यार्थिनी :
सोमल ओळखण्याची मार्श यांची चाचणी १८३६ पासून माहीत होती, त्यामुळे १८८१ मध्ये संशय आला असता तर विष सापडू शकले असते. पण संशय येणेच अवघड होते. सोमलाने उलट्या-जुलाब होतात आणि पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत असा मृत्यू कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. धोत्र्याचे तसे नाही. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो, म्हणजे सारे घर गोळा होते. प्रेत पुरले तर सोमलाचा अंश केसांत व नखांत वर्षानुवर्षे टिकतो. तुमच्या कथेत मात्र त्याच दिवशी चिता पेटते आणि अस्थी रामकुंडात जातात, तेव्हा उकरण्याची वाट बंदच आहे.

गोदाकाठ :
रामकुंडानेच दुसरी वाट उघडली आहे. आमच्याकडे क्षेत्रोपाध्यायपण, म्हणजे तीर्थावर येणाऱ्या यजमानांचे पौरोहित्य, परंपरेने आहे. लाल कापडात बांधलेल्या, लांबट पानांच्या नामावळीच्या वह्या घरात आहेत. जुन्या नोंदी मोडीत असूनही शाई अजून काळीभोर दिसते. अस्थी घेऊन आलेल्या यजमानाचे गाव, आडनाव, कोण वारले, सोबत कोण आले, हे त्यात लिहिलेले असते आणि खाली सही असते. तुमच्या नायिकेला मोडी शिकवा. एकाच गावच्या, परस्परांशी नाते नसलेल्या तीन घरांतील तरणे कर्ते पुरुष एकाच वर्षात गेल्याचे तिला दिसू द्या, आणि तिन्ही नोंदींत सोबत आलेल्यांमध्ये तीच एक सोवळी बाई असू द्या. एवढ्यावर वाचकाचा श्वास अडकेल. बायकांची नावे अनेकदा नवऱ्याच्या वा मुलाच्या आधारानेच येतात, म्हणून तिचे स्वतःचे नाव मिळवणे हाच दुसऱ्या पदराचा खरा शोध ठरावा, असे मला मनापासून वाटते.

जुनी पुस्तके :
१८८१ हे वर्ष तुम्ही फार योग्य निवडले आहे. त्याच वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, जी पुढे सौम्य झाली; त्यावर वृत्तपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जी चिखलफेक झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. मागील दाराने येणाऱ्या प्रत्येकीला नवऱ्यासाठी विष हवे होते असे दाखवू नका. दिवस गेलेल्या विधवेची भीती अधिक मोठी होती. अशांसाठी फुले दांपत्याने पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. नाशिकहून तेथवर एकटीने पोहोचणे हेच एक प्रकरण होईल.

पंचवटीकर :
सर्वांची मी ऋणी आहे. कोनाड्यातील शिशी काढून टाकते आणि पहिले प्रकरण वहीपासून सुरू करते. त्या तिसऱ्या नोंदीच्या वेळी लिहिणाऱ्या गुरुजींचा हात क्षणभर थांबला होता का, एवढे ठरवायचे राहिले आहे.