मोतीचा पाय: परवाच्या आत ठरवा

चौधरी काकू (ए-१०४): आपल्या मोती कुत्र्याला दवाखान्यात बघून आत्ताच आले. पुढचा डावा पंजा ट्रॉलीखाली पार चेंगरलाय. परवा पाय कापणार, तोही खांद्यापासून म्हणे. जखम खाली आहे, मग एवढ्या वरून का?

बडगुजर आप्पा (बी-२०१): मोतीले आते कसं शे? काही खादं का त्यानी?

चौधरी काकू (ए-१०४): दूध-पोळी खाल्ली आप्पा.

तुषार (सी-३०३): माणसांना जयपूर फूट बसवतात, तसा कुत्र्याला नाही का बसवत? वर्गणी काढू. माझे ५०० धरा.

पाटील ताई (सी-१०२): बसवतात तुषार. माणसांचे पाय बनवणं हेच माझं काम, म्हणून सविस्तर लिहिते. सगळ्यांनी वाचा, कारण परवानंतर ठरवायला काही उरणार नाही.

पाय बसवायचा तर कोपराखालचं साधारण निम्मं हाड तरी शिल्लक लागतं. त्या खुंटाचा प्लास्टरने साचा घेतात, त्यावरून खोळ बनते, आतून मऊ अस्तर, वरून पट्टे, खाली रबर. खांद्यापासून काढला तर खोळ अडकवणार कशाला? पण खुंट ठेवला आणि पाय बसवलाच नाही, तर कुत्रं तो टेकवायला बघतं आणि टोकाला सारखी जखम होते. म्हणून डॉक्टर वरून कापतात. त्यांचं चुकत नाही, आपण आधी सांगायला हवं.

आता खरी अडचण. माझा पेशंट सांगतो, ‘ताई, इथे टोचतंय.’ मोती सांगणार नाही, फार तर पट्टा चावेल. म्हणजे सुरुवातीला रोज थोडाच वेळ घालायचा, काढून कातडी बघायची, लाली राहिली तर खोळ घासून घ्यायची. रात्री काढून ठेवायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात आत ओल धरली की कातडी सोलवटते. हे रोज करणारा एक माणूस नक्की आहे का?

तुषार (सी-३०३): मी तर आठवड्यातले चार दिवस भुसावळला असतो ताई.

चौधरी काकू (ए-१०४): मी केलं असतं गं, पण गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. आणि तो रात्री असतो कुठे, तेही कळत नाही.

पाटील ताई (सी-१०२): मग माझं मत स्पष्ट आहे. खांद्यापासून काढू द्या. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, तरी बहुतेक कुत्री तीन पायांवर छान पळतात. फक्त वजन वाढू देऊ नका, बिस्किटं बंद.

महाजन भाऊ (बी-१०३): ताई, यावलला आमच्या मळ्यात एक कालवड आहे. दाव्याचा फास बसून मागचं खूर सडलं, घोट्याच्या वर कापलं. सारखी बसून असते. भाऊ म्हणतो, आता काही उपयोग नाही.

पाटील ताई (सी-१०२): भाऊ, तिला खरी गरज आहे! गुरांचं वजन तीन पायांना झेपत नाही. उरलेला पाय बिघडतो, बसून बसून अंगाला जखमा होतात, पोट फुगतं. जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथूर गुरांसाठी पाय बनवतात, ‘कृष्णा लिंब’ नावाने. वर्गणी तिकडे वळवा.

महाजन भाऊ (बी-१०३): वाढतं जनावर आहे, पाय छोटा नाही होणार?

पाटील ताई (सी-१०२): होणार, बदलावा लागणार. थायलंडची मोशा हत्तीण सात महिन्यांची असताना, २००६ साली, सुरुंगावर पाय पडून तिचा पाय गेला. वजन वाढत गेलं तसे तिचे पाय पुन्हा पुन्हा नवे केले. तुमची कालवड त्या मानाने सोपी. आधी जखम पूर्ण भरली का ते बघा. खुंटाचा समोरून आणि बाजूने फोटो काढा, शेजारी चांगल्या पायाचाही. मापपट्टी लावूनच.

महाजन भाऊ (बी-१०३): संध्याकाळी भावाकडून मागवतो. दावं काढून तिला मोकळं ठेवायलाही सांगतो.

तुषार (सी-३०३): माझे ५०० कालवडीला. मोतीच्या टाक्यांचे वेगळे देतो.

चौधरी काकू (ए-१०४): डॉक्टरांना कळवलं. परवा सकाळी दहाला. गाडी कोणाची नेऊ?