पाणथळ, माळरान आणि घाट : तीन दिवसांत पक्षीनिरीक्षणाचा क्रम कसा लावावा?

नवखा_निरीक्षक : नमस्कार. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून तीन दिवसांची सहल आखत आहे. भिगवणचे पाणथळ, कडबनवाडीचे माळरान आणि ताम्हिणी घाट अशा तीन ठिकाणी पक्षी पाहावेत, असा विचार आहे. सोबत बहात्तर वर्षांचे वडील आहेत. त्यांना फार चालवत नाही, पण धीराने बसून पाहण्याची त्यांची तयारी आहे. क्रम कसा ठेवावा आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्या सुमारास नक्की दिसतील का?

माळकरी : 'नक्की' हा शब्द वगळावा. रोहित उथळ पाण्यात आणि चिखलात अन्न शोधतो, आणि भिगवणचे पाणथळ म्हणजे उजनी धरणाचा जलाशय, त्यामुळे सारा हिशेब त्याच्या पातळीवर अवलंबून असतो. पाऊस भरपूर होऊन धरण काठोकाठ भरले, तर पाणी ओसरून दलदल उघडी पडायला उशीर लागतो आणि मोठे थवे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतात. निघण्यापूर्वी जलाशयाकाठच्या कुंभारगाव किंवा डिकसळच्या एखाद्या नावाड्याला फोन करून पाण्याची स्थिती विचारा. त्यांच्यापैकी बरेच जण मूळचे मासेमार असल्यामुळे पाणी कुठे उथळ आहे, हे त्यांना नकाशाविनाच ठाऊक असते.

नदीकाठ : वरील मताशी सहमत आहे. भर एवढीच घालतो की होडी सूर्योदयालाच घ्यावी आणि थव्याच्या फार जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. मागे आमच्या होडीतील एका मंडळाने छायाचित्रासाठी नावाड्याला पुढे रेटले आणि शेकडो पक्षी एकदम उडाले. छायाचित्र मिळाले, पण त्यांचे चरणे थांबले ते थांबलेच. दुसऱ्या वेळी इंजिन बंद करून बांबूने होडी सरकवली, तेव्हा रोहित मान खाली वाकवून, चोच उलटी धरून, पायांनी चिखल ढवळत कसा चरतो, हे पंधरा मिनिटे निवांत पाहता आले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, म्हणजे रानहंसही, थव्याने भेटतात. आपल्या वडिलांना हा दिवस सर्वांत सोयीचा पडेल. फक्त होडीत चढताना हात धरावा आणि उन्हाची टोपी विसरू नये.

माळकरी : दुपारी इंदापूरच्या बाजूला कडबनवाडीला जा. माळरानाची वेळ संध्याकाळची, कारण भोवत्ये, म्हणजे हिवाळी पाहुणे असलेले शिकारी पक्षी, दिवसभर गवताच्या अगदी जवळून, कमी उंचीवर उडत शिकार करतात आणि अंधार पडू लागला की गवतातच जमिनीवर रात्र काढायला एकत्र उतरतात. त्यामुळे वाट सोडून गवतात पाऊल टाकू नये. धाविक, चंडोल, पखुर्डी हे माळावरचे पक्षी आणि नशीब असेल तर चिंकारा हे लहान हरीणही वाहनात बसूनच दिसतो. प्रवेशाचे नियम वन विभागाकडून आधी समजून घ्या.

सह्यकडा : ताम्हिणी तिसऱ्या दिवसासाठी ठेवा, कारण दाट झाडीत पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात आणि पहिल्याच दिवशी तिथे गेलेला नवखा हिरमुसतो. शीळकरी कस्तुर या पक्ष्याची प्रसिद्ध शीळ मात्र प्रामुख्याने पावसाळ्यातली, तेव्हा जानेवारीत तिची फार अपेक्षा ठेवू नका. फळांनी लगडलेले वडा-उंबराचे झाड हेरून त्याखाली वडिलांसह तासभर खुर्ची टाकून बसा; हरियाल आणि तांबट स्वतःहून येतात. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) असल्यास झाडीतल्या कमी उजेडातही चालते.

नवखा_निरीक्षक : सर्वांचे आभार. घडीच्या दोन खुर्च्या घेतो आणि नावाड्याला आजच फोन करतो.