फुटबॉलच्या क्लब वर्ल्ड कपला खुर्च्या रिकाम्या का होत्या?

प्रश्न (धरमपेठ): अमेरिकेतल्या २०२५ च्या स्पर्धेत कुठे शुकशुकाट, अन् फायनलला ८१,११८ लोक! काय भानगड आहे भाऊ?

उत्तर १: सरासरी सोडा, मॅच पाहा. ऑर्लँडोत उल्सान–सनडाउन्स मॅचला फक्त ३,४१२ लोक. त्यातही विजांमुळे उशीर. पीएसजी–अ‍ॅटलेटिकोला रोझ बाउल स्टेडियमवर ८०,६१९. एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) अवाढव्य मैदानात ३० हजारही ओसाड दिसतात. नागपूरच्या जामठा स्टेडियमवर रणजी पाहिली असेल तर कळेल.

उत्तर २: खरा घोळ तिकिटांचा. दर मागणीनुसार खाली-वर व्हायचे. चेल्सी–फ्लुमिनेन्से सेमीफायनलचं तिकीट ४७३.९० डॉलरवरून १३.४० वर आलं. मग आधी घेणारा येडाच ठरतो ना!

उत्तर ३: वेळही बघा. न्यूयॉर्कची दुपारी १२ ची मॅच नागपुरात रात्री ९:३० ला. युरोपच्या टीव्हीलाही सोयीची, पण अमेरिकेत मैदानातला प्रेक्षक भर उन्हात भाजतो.