प्रोजेक्ट रिपोर्टसाठी इंग्रजी: आधी फक्त साधा भूतकाळ शिकवावा का?

धागाकर्ती
ऑफिसात नव्याने आलेल्यांना मी इंग्रजी शिकवते. माझं ठाम मत झालंय की, आठवड्याचा रिपोर्ट लिहायला शिकवायचं असेल तर बारा काळांचा तक्ता बाजूला ठेवावा आणि महिनाभर साधा भूतकाळच घोटून घ्यावा. 'वी टेस्टेड द लॉगिन पेज ऑन मंडे.' कोणी, काय, कधी, सगळं आलं.

यात सगळ्यात जास्त आड येते ती आपली मराठी. आपण सहज म्हणतो, "मेल कालच पाठवली होती." त्यातलं 'होती' इंग्रजीत 'हॅड' होऊन उतरतं: 'आय हॅड सेंट द मेल येस्टरडे'. वाचणारा अडखळतो, कारण 'हॅड' आलं की त्यानंतरची भूतकाळातलीच आणखी एखादी घटना त्याला अपेक्षित असते. तिथे नुसतं 'आय सेंट' पुरतं. "काल पाठवली आहे" हे मराठीत खपतं, पण 'हॅव सेंट'शेजारी 'येस्टरडे' बसत नाही.

टीम लीड
नाही पटलं. सोमवारी काय घडलं यापेक्षा आज काम कुठवर आलंय हे मला रिपोर्टमधून हवं असतं. 'वी फिक्स्ड थ्री बग्ज' वाचून काम संपलं की चालू आहे, काहीच कळत नाही. 'वी हॅव फिक्स्ड थ्री बग्ज सो फार' म्हटलं की 'आतापर्यंत' आलं, पुढे अजून असतील हेही कळलं. हेच महिनाभर लांबवणार? 'येस्टरडे' असेल तर 'हॅव' नको, हा नियम सांगायला पाच मिनिटं लागतात.

धागाकर्ती
सांगायला पाच मिनिटं, जिभेवर बसायला कित्येक आठवडे. जो अजून 'डिड नॉट कम्प्लीटेड' म्हणतो त्याला त्यातच 'हॅव' दिलं की 'हॅव डिड' ऐकायला मिळतं, माझ्या वर्गात मिळालंय. 'सो फार'चं मात्र मान्य. ते एक वाक्य नियम न सांगता पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेईन.

तिसरा प्रतिसाद
एवढं व्याकरण हवंच कशाला? डन, पेंडिंग, ब्लॉक्ड असे तीन रकाने करा. वाक्यच नाही तर काळ चुकणार कुठे? माणसं कामासाठी घेतलीत, त्यांना क्रियापदांवरून छळू नका.

शिकणारा
कॉलवर रकाने कुठून आणू? मी एकदा म्हणालो, 'वी वर टेस्टिंग द पेमेंट पार्ट'. मला म्हणायचं होतं की टेस्टिंग चालू होतं, अर्धं राहिलंय. समोरच्यांनी ते झालं असं धरलं आणि पुढचं काम सुरू केलं. 'वी टेस्टेड हाफ ऑफ इट' एवढं तेव्हा सुचलं असतं तर तो घोळ झाला नसता. म्हणून मी ताईंच्या बाजूने आहे.

फक्त ताई, उच्चारही घ्या. 'वर्क्ड'च्या शेवटी ट ऐकू येतो, 'प्लॅन्ड'च्या शेवटी ड, आणि 'टेस्टेड'मध्येच काय तो 'इड'. हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर मी शेवट गिळत होतो, 'वी प्लॅन द रिलीज' असंच ऐकू जायचं, आणि ठरलेली गोष्ट अजून ठरायची आहे असं लोकांना वाटायचं.